सिग्नल जनरेटर पॉवर इतकी स्थिर कशी धरतो, आणि मोड्युलेशन लावलं की का अडतो?

कुळागर
नमस्कार मंडळी. वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका युनिटला आरएफ ॲम्प्लिफायर टेस्टिंगला आहे, तसा नवीनच. बेंचवर २० गिगाहर्ट्झपर्यंतचा मायक्रोवेव्ह सिग्नल जनरेटर आहे, आणि घरी हौसेने एडीएफ४३५१ चा छोटा बोर्ड घेतलाय, ३५ मेगाहर्ट्झ ते ४.४ गिगाहर्ट्झवाला. आता बोर्डवर फ्रिक्वेन्सी फिरवत गेलो की आउटपुट कधी वर कधी खाली, २ गिगाला एक आणि ४ गिगाला भलतंच. बेंचवरच्या मशीनला मात्र ० डीबीएम (म्हणजे १ मिलिवॅट, दर १० डीबीला पॉवर दहा पट) सांगितलं की १ गिगा असो नाहीतर १८ गिगा, पॉवर मीटरचा आकडा जवळपास तिथेच उभा. आतले ॲम्प्लिफायर, फिल्टर, स्विच सगळे फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणारच ना, मग बाहेर इतकं सपाट येतं कसं?

दुसरं म्हणजे पल्स मोड्युलेशन. १ मायक्रोसेकंदाचा पल्स १ किलोहर्ट्झने लावला की पॉवर मीटर एकदम उणे ३० दाखवतो, स्पेक्ट्रम ॲनालायझर त्याहून खाली दाखवतो, आणि पल्स अजून बारीक केला की मशीनवर अनलेव्हल्डची, म्हणजे पॉवर ठरल्या जागी धरता येत नाही अशी, सूचना पेटते. सीनियर म्हणाले "एएलसी ऑफ कर आणि सर्च मार". केलं, चाललं. पण का चाललं ते कोणी सांगत नाही. बटणं दाबून काम निघतं, पण आत काय चालतं ते मला नीट समजून घ्यायचंय. सविस्तर लिहा, लांब झालं तरी चालेल.

पीनडायोड
एएलसी, म्हणजे ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल. दोन्ही प्रश्नांची मुळी तिथेच. रडारवाले बाब येतीलच, ते नीट सांगतील.

निवृत्त_रडारवाला
आलो रे. चहा संपवून बसलोय, बाहेर पाऊस लागलाय, लिहायला वेळच वेळ आहे.

कुळागर, तू म्हणतोस ते बरोबरच आहे, आतलं सगळं फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतंच. मशीन ते बदलणं थांबवत नाही, मोजतं आणि भरून काढतं. आउटपुट कनेक्टरच्या अगदी अलीकडे एक डायरेक्शनल कपलर किंवा स्प्लिटर बसवलेला असतो. बाहेर निघालेल्या पॉवरचा थोडासा वाटा तो बाजूला काढून शॉट्की डायोडच्या डिटेक्टरला देतो, डिटेक्टर त्याचं डीसी व्होल्टेज करतो. तिकडे तू पॅनलवर ० डीबीएम टाकलंस की आतला डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारा भाग) त्याला साजेसं एक व्होल्टेज काढून ठेवतो. दोघांतला फरक इंटिग्रेटरला जातो, आणि इंटिग्रेटर मागे बसलेल्या पीन डायोडच्या मोड्युलेटरचा करंट कमीजास्त करत राहतो, फरक शून्य होईपर्यंत. एवढाच तो लूप. चोर्ला घाटात चढ-उतार काही असो, ड्रायव्हर काट्याकडे बघून ॲक्सिलरेटर सांभाळत गाडी ४० वर ठेवतो ना, तेच काम.

आता पीन डायोडच का, तर त्यात पी आणि एन च्या मध्ये शुद्ध सिलिकॉनचा जाडसर थर असतो. करंट सोडला की त्या थरात चार्ज साठतो. मायक्रोवेव्हची अर्धी सायकल इतकी छोटी की तेवढ्यात तो साठा हलतच नाही, त्यामुळे सिग्नलला तो डायोड वाटत नाही, करंटने बदलणारा रेझिस्टर वाटतो. म्हणून तो सिग्नल न कापता, न चिरडता नुसता कमीजास्त करतो. फ्रिक्वेन्सी फार खाली, काही मेगाहर्ट्झवर आली की हा गुण जातो आणि तो साध्या डायोडसारखा वागायला लागतो.

तुझ्या एडीएफ४३५१ मध्ये यातलं काहीच नाही. तिथे आउटपुटला चार पायऱ्या आहेत, उणे ४, उणे १, अधिक २ आणि अधिक ५ डीबीएम, त्याही ढोबळ. बाहेर काय गेलं ते कोणी बघत नाही, म्हणून ते भरकटतं.

तरंगिणी
बाबांनी फार छान लिहिलंय. मी शिकवते त्यामुळे एक भर घातल्याशिवाय राहवत नाही, कारण मुलं इथे हमखास अडकतात.

हा लूप उणे १०० डीबीएम धरू शकत नाही. डिटेक्टर साधारण उणे २० डीबीएमच्या खाली स्क्वेअर लॉमध्ये जातो, म्हणजे पॉवर १० डीबीने कमी झाली की व्होल्टेजही थेट दहा पटीने कमी. थोडं अजून खाली गेलं की व्होल्टेज इतकं किरकोळ होतं की ऑप-ॲम्पचा ऑफसेट आणि तापमानाने होणारी सरक त्याच्याच तोडीची होते. म्हणून बऱ्याच मशीनांत लूपकडे साधारण २० ते ३० डीबीचीच हद्द असते. त्याखालची पॉवर हवी असेल तर लूपच्या नंतर स्टेप ॲटेन्युएटर बसवलेला असतो, बहुतेक १० डीबीच्या पायऱ्यांचा. पॉवर खाली आणताना मशीनमधून टक टक आवाज येतो ना, तो त्याच्या पायऱ्या बदलण्याचा.

गंमत अशी की ॲटेन्युएटर लूपच्या बाहेर असतो. तू उणे १०० मागितलंस तेव्हा डिटेक्टरला दिसते ती पॉवर ० च्या आसपासचीच, पुढचे १०० डीबी खरंच १०० आहेत का ते लूपला ठाऊक नाही. ते कॅलिब्रेशनच्या वेळी मोजून मेमरीत घातलेल्या टेबलावर चालतं. तेव्हा उणे १०० चा आकडा ० डीबीएमच्या आकड्याइतका भरवशाचा नसतो. कमी पॉवरला रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी मोजणाऱ्यांनी हे कायम डोक्यात ठेवावं.

दूधसागर
ॲटेन्युएटरचा ऑप्शन घेतला की मशीनची जास्तीत जास्त पॉवर थोडी कमी होते, वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्तच, कारण ० डीबीच्या पोझिशनलाही त्याचा स्वतःचा लॉस असतोच. खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही, स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात बारीक अक्षरात असतं.

खारवी_इलेक्ट्रॉनिक्स
मी जेटीवरचा माणूस, ट्रॉलरचे रडार, इको साउंडर, व्हीएचएफ दुरुस्त करतो. लूप वगैरे सगळं बरोबर, पण लोक विसरतात की लूप कनेक्टरपर्यंतच बघतो. पुढची केबल तुमची. मीटरभर साधी आरजी-५८ लावून १० गिगाला ० डीबीएम दिलं म्हणून ० डीबीएम पोचलं असं होत नाही, निम्म्याहून जास्त वाटेत जाते. त्यात आपल्याकडचा खारा वारा. एसएमए कनेक्टर पावसाळ्यात उघडा राहिला की मधल्या पिनेवर मळकट थर येतो, मग केबल हलवली की आकडा हलतो. आमच्या टेबलावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस लावलेली बारीक काडी आणि कनेक्टरच्या टोप्या कायम असतात. डिह्युमिडिफायर परवडत नसेल तर बंद डबा आणि सिलिका जेल, पण टोप्या पाहिजेतच.

एक्सबँड
खारवीबाब, केबलचा लॉस मोजून वजा करता येतो, ती अडचण मला मोठी वाटत नाही. खरी अडचण मिसमॅचची. जनरेटरचा आउटपुट ५० ओहमला तंतोतंत जुळलेला नसतो, समोरचा डीयूटीही, म्हणजे तपासायचं उपकरणही, नसतं. दोघांत पॉवर पुढेमागे आपटत राहते, आणि तिचा फेज केबलच्या लांबीवर अवलंबून असतो, त्यामुळे वजा करायला एक ठरलेला आकडाच नसतो. हिशोब करून बघा. जनरेटरचा एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडलीय त्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) १.५ म्हणजे रिफ्लेक्शन ०.२, डीयूटीचा २ म्हणजे ०.३३. गुणाकार ०.०६७. म्हणजे वर ०.५६ आणि खाली ०.६ डीबी इतकी अनिश्चितता नुसत्या मिसमॅचची. पॉवर मीटर चांगला जुळलेला असतो म्हणून तिथे आकडा सुंदर दिसतो, डीयूटी लावला की बदलतो.

खारवी_इलेक्ट्रॉनिक्स
बोटीवर उभं राहून केबल वजा करायला बसा मग कळेल मोठी अडचण कुठली ते 🙂 पण मुद्दा पटला. आम्ही डीयूटीच्या तोंडाशी ६ डीबीचा पॅड, म्हणजे छोटा ठरावीक ॲटेन्युएटर, लावतो, त्याने हे आपटणं बरंच मावळतं.

एक्सबँड
अगदी बरोबर. पॅडमधून जाताना ६ आणि परत येताना ६, म्हणजे रिटर्न लॉस १२ डीबीने सुधारला. किंमत एवढीच की ६ डीबी पॉवर जाते.

कुळागर
सगळ्यांचे मनापासून आभार, हे असं कोणी एका जागी सांगितलं नव्हतं. लूप समजला. आता पल्सचं सांगा ना. आणि एएम (ॲम्प्लिट्यूड मोड्युलेशन) पण, कारण लूप पॉवर स्थिर ठेवायला बसलाय आणि मी त्याला पॉवर हलवायला सांगतोय. लूप माझं मोड्युलेशनच पुसून टाकायला हवा.

निवृत्त_रडारवाला
हा प्रश्न तू विचारलास याचाच आनंद झाला मला. सगळ्या मोड्युलेशनचं मर्म यात आहे, मशीन बनवणाऱ्यांची निम्मी डोकेफोड याच्यावरच होते. लूपला स्थिर ठेवायचंय, मोड्युलेशनला हलवायचंय. मार्ग दोनच, लूपला सामील करून घ्या नाहीतर त्याला बाजूला बसवा.

एएममध्ये सामील करून घेतात. पीन डायोडला थेट हलवायला गेलास तर लूप खरंच पुसून टाकेल. म्हणून ऑडिओ सिग्नल डॅकच्या व्होल्टेजमध्ये मिसळतात. लूपला वाटतं मालकाने मागणीच बदलली, तो इमानाने त्या मागणीमागे धावतो. याचा मोठा फायदा असा की पीन डायोडचा वाकडातिकडा स्वभाव लूपच सरळ करतो, त्यामुळे ३० टक्के डेप्थ सांगितली की ३० टक्केच मिळते, डिस्टॉर्शनही कमी. मर्यादाही लूपचीच. लूप जितक्या वेगाने धावू शकतो तितकाच एएमचा रेट, पुष्कळ मशीनांत तो १०० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो. आणि डेप्थ ९० टक्क्यांच्या वर नेली की सिग्नलच्या दरीत डिटेक्टरला काही दिसेनासं होतं, तिथे तरंगिणीताईंनी सांगितलेली डिटेक्टरची हद्द आडवी येते.

पल्समध्ये बाजूला बसवावं लागतं. पल्सला वेगळा जलद स्विच असतो, चढउतार काही नॅनोसेकंदांत, चालू आणि बंद यात ८० डीबीचा फरक. पल्स बंद असताना डिटेक्टरला शून्य दिसतं. लूप चालूच राहिला तर त्याला वाटेल पॉवर गेली, तो मोड्युलेटर पूर्ण उघडेल, आणि पुढचा पल्स आला की सुरुवातीलाच मोठा उसळा. म्हणून सॅम्पल अँड होल्ड ठेवतात. पल्स चालू असेल तेवढाच वेळ लूप जिवंत, बंद झाला की इंटिग्रेटरचं व्होल्टेज जिथल्या तिथे गोठवायचं. हे जमायला पल्सच्या आत डिटेक्टर स्थिरावून मोजमाप व्हायला वेळ मिळाला पाहिजे. पल्स १ मायक्रोसेकंदापेक्षा बारीक झाला की पुष्कळ मशीनांना तो वेळ मिळत नाही, म्हणून तुझी ती अनलेव्हल्डची सूचना.

मग सर्च. मशीन क्षणभर पल्स काढून सलग कॅरियर देतं, लूप लावून पॉवर बरोबर ० डीबीएमला आणतं, त्या वेळी मोड्युलेटरला लागलेलं व्होल्टेज लक्षात ठेवतं, लूप तोडतं आणि तेच व्होल्टेज कायम लावून ठेवतं. आता पल्स कितीही बारीक असो, कोणी मोजत नाही आणि कोणी ढवळत नाही. फक्त मशीन तापलं, फ्रिक्वेन्सी बदलली की ते व्होल्टेज शिळं होतं, सर्च पुन्हा मारायचा.

म्हादई
🙏 हा प्रतिसाद प्रिंट काढून लॅबमध्ये लावतेय.

एक्सबँड
पॉवर मीटर उणे ३० का दाखवतो ते राहिलं. १ मायक्रोसेकंदाचा पल्स १ किलोहर्ट्झने, म्हणजे हजारातला एक भाग वेळ चालू. थर्मल सेन्सर सरासरी मोजतो, हजाराचा एक भाग म्हणजे बरोबर ३० डीबी खाली. पल्सचा माथा ० डीबीएमवरच आहे. स्पेक्ट्रम ॲनालायझरवर अरुंद आरबीडब्ल्यूने (रिझोल्यूशन बँडविड्थने) बघितलंस तर ऊर्जा १ किलोहर्ट्झच्या अंतराने असलेल्या असंख्य रेषांत वाटली गेलेली दिसते, मधली रेष ६० डीबी खाली. मधल्यापासून १ मेगाहर्ट्झवर दोन्ही बाजूला शून्य येतंय का बघ, येत असेल तर तुझा पल्स खरंच १ मायक्रोसेकंदाचा आहे. तीन मोजमापं, तीन आकडे, तिन्ही खरे.

कुळागर
शून्य १ मेगावरच येतंय!! आत्ता बघून आलो. फारच भारी वाटलं.

खारवी_इलेक्ट्रॉनिक्स
आमचे मरिन रडार ९.४१ गिगाला, छोट्या रेंजला पल्स ०.०८ मायक्रोसेकंदाच्या आसपास. हिशोबाने १२ मीटर होतात, नदीच्या तोंडाशी दोन होड्या वेगळ्या दिसाव्यात म्हणून एवढा बारीक. तसा पल्स देऊन रिसीव्हर तपासायचा तर एएलसी ऑफ आणि सर्च याशिवाय गत्यंतरच नाही. मी तर पहिल्यापासून असंच करतोय, कारण आज वाचलं.

जुना_क्लिस्ट्रॉन
मंडळी, थोडं विषयांतर. पल्स आणि एएम वाचून कॉलेजचा मायक्रोवेव्ह बेंच आठवला. आमच्या वेळी जनरेटर कसला, २के२५ रिफ्लेक्स क्लिस्ट्रॉन, मायक्रोवेव्ह काढणारी व्हॅक्यूम ट्यूब. आधी पंखा चालू, मग रिपेलरचं व्होल्टेज पूर्ण चढवायचं, मग बीम व्होल्टेज, हा क्रम चुकवायचा नाही असं सर दरवेळी बजावायचे. पुढे आयसोलेटर, फ्रिक्वेन्सी मीटर, व्हेरिएबल ॲटेन्युएटर, स्लॉटेड लाइन. रिपेलरच्या व्होल्टेजने फ्रिक्वेन्सीही हलते आणि पॉवरही, म्हणजे साईन वेव्ह लावली की एएम आणि एफएम दोन्ही एकदम, वेगळं करताच येत नाही. म्हणून १ किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह लावायचे, एकतर मोडच्या माथ्यावर नाहीतर पूर्ण बंद, मधल्या उतारावर थांबायचंच नाही. आणि एसडब्ल्यूआर मीटर त्या १ किलोहर्ट्झलाच ट्यून केलेला. पॉवर स्थिर ठेवणारा लूप म्हणजे आमचा हात आणि नॉब.

तरंगिणी
अजूनही पुष्कळ कॉलेजांत तोच बेंच आहे, सोबत गन डायोडचा. गनच्या बेंचवर मोड्युलेशनला वेगळा पीन डायोड मोड्युलेटर जोडतात, आणि मुलांना हाच फरक दाखवायला तो उत्तम आहे. ऑसिलेटरला हात न लावता बाहेरून ॲम्प्लिट्यूड बदलला तर फ्रिक्वेन्सी शांत राहते. आजच्या महागड्या मशीनची मांडणी त्याच विचारावर उभी आहे.

दूधसागर
मग एफएम? तिथे तर ऑसिलेटरलाच हात लावावा लागणार.

निवृत्त_रडारवाला
लावावाच लागतो, आणि तिथे दुसरा लूप आडवा येतो. तिथला राखणदार पीएलएल, म्हणजे फेज लॉक्ड लूप. ऑसिलेटर १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टल रेफरन्सला बांधलेला असतो, तू त्याला हलवलास की पीएलएल त्याला परत जागेवर ओढतो. जे लूपच्या बँडविड्थच्या आत हळू हलतं ते सगळं तो पुसतो, जे बँडविड्थच्या बाहेर वेगाने हलतं ते सुटतं. त्यामुळे ऑडिओ एकाच जागी दिला तर हळू भाग गायब. उपाय म्हणून दोन ठिकाणी देतात, वेगवान भाग थेट ऑसिलेटरला आणि हळू भाग लूपच्या मागणीत, दोघांची बेरीज सपाट येईल असं जुळवून.

ऑसिलेटर बहुतेक यिग असायचा, यट्रियम आयर्न गार्नेटचा अगदी छोटा गोळा, चुंबकाच्या फटीत. दर गॉसला २.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे १० गिगाला साधारण ३५७० गॉस. मोठी कॉइल फ्रिक्वेन्सी नेऊन ठेवते पण तिचा इंडक्टन्स मोठा, ती सुस्त. एफएमसाठी गोळ्याच्या जवळ थोड्या वेढ्यांची छोटी कॉइल असते, ती चपळ, पण तिची पोच कमी. नव्या मशीनांत व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारे ऑसिलेटर) आणि गुणक आले तरी भांडण तेच.

पीनडायोड
आणि डेव्हिएशनचंही, म्हणजे एफएममध्ये फ्रिक्वेन्सी किती सरकते त्याचंही, लक्षात ठेवा. ऑसिलेटरनंतर डबलर असेल तर डेव्हिएशनही दुप्पट होतं, म्हणून मशीन आधीच अर्धं करून सोडतं. फेज नॉइजही दर दुपटीला ६ डीबीने वाढतो. १० मेगाहून १० गिगाला जाताना हजार पट, म्हणजे ६० डीबी. त्यामुळे रेफरन्स चांगला नसेल तर वरचं सगळं वाया.

म्हादई
डेव्हिएशन खरं किती आहे ते तपासायचं कसं? मशीन सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा?

तरंगिणी
नाही, तपासायची फार सुंदर युक्ती आहे. एफएमचा मोड्युलेशन इंडेक्स (डेव्हिएशन भागिले टोनची फ्रिक्वेन्सी) २.४०५ झाला की कॅरियर पूर्ण नाहीसा होतो, सगळी ऊर्जा साइडबँडमध्ये जाते. १० किलोहर्ट्झचा टोन दे, डेव्हिएशन हळूहळू वाढव, स्पेक्ट्रम ॲनालायझरवर मधली रेष बुडाली की डेव्हिएशन २४.०५ किलोहर्ट्झ. टोनची फ्रिक्वेन्सी तुला काउंटरने अचूक मोजता येते, म्हणून डेव्हिएशनही तितकंच अचूक मिळतं. आमच्या लॅबमध्ये हा प्रयोग झाला की मुलं जेवणाची सुट्टी विसरतात.

रेडिओवाला_व्हीयू२
हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींसाठी. क्यूओ-१०० ऐकायला बसलोय, २५.९ पूर्वेवरचा उपग्रह, डाउनलिंक १०४८९.५ मेगाहर्ट्झपासून. एलएनबीचा (डिशच्या तोंडाशी बसून सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीला आणणारा भाग) लोकल ऑसिलेटर ९७५० म्हणजे रिसीव्हरवर ७३९.५. एलएनबी तपासायला मित्राच्या जनरेटरवरून १०.४९ गिगाचा उणे ११० डीबीएम सिग्नल केबलने एलएनबीच्या बोर्डवर दिला, पण ॲटेन्युएटर कितीही वाढवला तरी सिग्नल एका पातळीखाली जाईचना. कारण काय असेल?

एक्सबँड
लीकेज. इतक्या खाली गेलं की मशीनच्या डब्यातून, केबलच्या ढिल्या नटातून बाहेर पडणारा सिग्नलच जास्त ठरतो. आरएफ चालू ठेवून केबल काढून टर्मिनेशन (५० ओहमचा लोड) लावा, तरी ऐकू आलं तर हवेतूनच येतंय. एसएमएचा नट टॉर्क रेंचने आवळा, पितळेचा असेल तर साधारण ०.५६ न्यूटन मीटर. आणि पॅड बाहेरून, एलएनबीजवळ लावा, म्हणजे मशीनवर पॉवर जास्त ठेवता येईल.

रेडिओवाला_व्हीयू२
नटच ढिला निघाला. देव बरें करूं 🙏

सडा_वास्को
इथे आयक्यू मोड्युलेशनचं कोणी बोललंच नाही. आजकाल सगळे व्हेक्टर जनरेटर.

पीनडायोड
तिथे तर एएलसीचं दुखणं अजून वाढतं. आय आणि क्यू असे दोन सिग्नल, कॅरियरचे ९० अंशांनी वेगळे दोन हिस्से, दोघांना गुणून बेरीज. ॲम्प्लिट्यूड आणि फेज दोन्ही हातात. डीसी ऑफसेट राहिला की कॅरियर गळतो, दोघांचं गेन जुळलं नाही किंवा ९० चे ९१ अंश झाले की इमेज दिसते. आता ओएफडीएमसारख्या (वाय-फाय, ४जी मध्ये असतो तशा) सिग्नलमध्ये पॉवर सतत सरासरीच्या खूप वर उसळते. एएलसी जागा असेल आणि त्याची बँडविड्थ मोठी असेल तर तो त्या उसळ्यांनाच दाबायला बघतो. म्हणून बँडविड्थ अगदी लहान ठेवतात म्हणजे त्याला फक्त सरासरी दिसेल, आणि बर्स्ट असेल तर होल्ड किंवा ऑफ आणि सर्च. म्हणजे फिरून पल्सवालंच उत्तर.

कुळागर
मंडळी, आठवड्याचं काम सांगतो. बेंचवर डीयूटीच्या तोंडाशी पॅड लावला, रिडिंग एकदम शहाणं झालं. शिवाय पॉवर मीटर केबलच्या टोकाला लावून मशीनमध्ये फ्लॅटनेस करेक्शनचं टेबल भरलं, आता केबलचा लॉस मशीनच भरून काढतं.

घरच्या बोर्डसाठी आता स्वतःचा लूप करायचा विचार आहे. पीई४३०२ डिजिटल ॲटेन्युएटर, ०.५ डीबीच्या पायऱ्या, ३१.५ डीबीपर्यंत, आणि एडी८३१८ लॉग डिटेक्टर, तो ८ गिगापर्यंत चालतो. मध्ये मायक्रोकंट्रोलर. चालेल का?

निवृत्त_रडारवाला
चालेल, आणि कर, हे स्वतः केल्याशिवाय अंगात मुरत नाही. दोन गोष्टी. एडीएफ४३५१ चं आउटपुट शुद्ध साईन नसतं, हार्मोनिक भरपूर. एडी८३१८ ला मूळ कुठलं आणि हार्मोनिक कुठलं ते कळत नाही, तो सगळ्यांचं मिळून मोजतो, आणि तू मूळ सिग्नल १ डीबीने चुकीचा धरून बसशील. म्हणून डिटेक्टरच्या आधीच लो-पास फिल्टर, बँडप्रमाणे बदलता येतील असे दोन-तीन. मोठ्या मशीनांतही त्याच कारणाने स्विच होणारे फिल्टर असतात. दुसरं, ०.५ च्या पायरीने लूप दोन पायऱ्यांच्या मध्ये नाचत राहील, त्याला थोडी मोकळीक दे, पाव डीबीच्या आत असेल तर हात लावायचा नाही.

कुळागर
फिल्टरचं डोक्यातच नव्हतं, लिहून घेतलं. आणि बेंचवर सीनियर म्हणतायत की पुढच्या ॲम्प्लिफायरला डिटेक्टर थेट डीयूटीच्या इनपुटशी लावून एक्स्टर्नल लेव्हलिंग करू, म्हणजे लूपच केबलच्या टोकापर्यंत लांब होईल. यात काही धोका?

खारवी_इलेक्ट्रॉनिक्स
आहे, आणि मोठा आहे. डिटेक्टरची बीएनसी वायर निघाली किंवा तुटली की लूपला पॉवर शून्य दिसते, तो मोड्युलेटर पूर्ण उघडतो आणि मशीनची सगळी ताकद तुझ्या ॲम्प्लिफायरच्या इनपुटवर. पोलॅरिटी उलटी असली तरी तेच. बरेच डिटेक्टर निगेटिव्ह व्होल्टेज देतात, मशीनला कुठली चालते ते मॅन्युअलमध्ये बघ. पहिल्यांदा लावताना डीयूटीच्या जागी टर्मिनेशन लाव, मशीनमध्ये पॉवर लिमिट घालून ठेव, आणि वायर मुद्दाम काढून काय होतं ते आधी बघून घे.

एक्सबँड
सर्चलाही हेच लागू. काही मशीनांत सर्च चालू असताना क्षणभर सलग कॅरियर बाहेर येतो. पल्सवर चालणारा, कमी ड्युटीचा ॲम्प्लिफायर असेल तर त्याला तेवढंही जड जाऊ शकतं. सर्चच्या वेळी आउटपुट बंद ठेवायची सोय मेनूत असते का बघ, नसेल तर आधी सर्च, मग डीयूटीची सप्लाय.

कुळागर
दोन्ही बघतो. उद्या टर्मिनेशन लावून वायर काढून बघणार, आकडे इथेच टाकतो.